नमुने घेणाऱ्या लेकीचे पत्र

नागपूर,
आषाढ शुद्ध पंचमी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बुटीबोरीच्या कारखान्यातील गुणवत्ता विभागाची जागा मी नाकारल्याचे दादाने तुम्हाला सांगितले, आणि त्यानंतर बाबांनी फोनवर जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नव्हते. ज्या माणसांची जीप बाजारात शिरली की पवनीतले निम्मे किराणा दुकानदार शटर खाली ओढून चहाच्या टपरीवर जाऊन बसत, त्यांच्यातच राहण्यात तुला काय मिळते, असे बाबा म्हणाले. दुकानदाराच्या मुलीने अन्न सुरक्षा अधिकारी व्हावे, हे त्यांच्या मनाला अजून पटलेले नाही, आणि त्यांची बाजू मला ठाऊक असल्यामुळे त्यांच्यावर रागावणेही मला जमत नाही.

बाबा, तुमच्या तिखटाच्या प्रकरणाची कागदपत्रे मी नोकरीला लागल्यावर मुद्दाम वाचून काढली. तिखट जाळल्यावर उरणाऱ्या राखेचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपेक्षा थोडे जास्त आले होते, एवढाच तो गुन्हा होता. तिखट तुम्ही दळले नव्हते, पोते जसे आले तसे सोडून किलो-पाव किलोने विकले होते. पण ज्या व्यापाऱ्याकडून माल घेतला त्याचे पक्के बिल हाती नव्हते आणि १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याला विषारी अन्न आणि थोडे कमअस्सल अन्न यांच्यात फारसा फरक करता येत नसे. दोन्हीकडे फौजदारी खटलाच, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर बहुतेक गुन्ह्यांना किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास. तुम्ही निर्दोष सुटलात, पण तारखांच्या पायी जी वर्षे गेली आणि गावात जे बोलले गेले, त्याची भरपाई निकालपत्राने झाली नाही. असा कायदा माणसांना सावध कमी आणि भित्रे जास्त करतो, असे माझे मत आहे. ज्याला सहा महिन्यांची भीती असते तो माल सुधारण्याऐवजी शटर ओढतो.

तो कायदा आता नाही. २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा झाला आणि त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून देशभर लागू झाले. त्यात कमी दर्जाचे अन्न, चुकीच्या लेबलाचे अन्न आणि असुरक्षित अन्न अशी वेगळी वर्गवारी आहे. तुमचे ते तिखट आज कमी दर्जाचे ठरले असते. त्यासाठी न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे सुनावणी होते आणि दंड होतो, जो कमाल पाच लाखांपर्यंत असू शकतो. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागत नाही. मात्र अन्न खाऊन कोणी दगावले, तर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची शिक्षा त्याच कायद्यात आहे. मला ही विभागणी न्यायाची वाटते.

नमुना कसा घेतात हेही एकदा लिहून टाकते, कारण ‘आपली पोर दुसऱ्यांच्या दुकानात बाटल्या भरते’ असे बाबा दादाला म्हणाल्याचे माझ्या कानावर आले आहे. होय, भरते. दुधाचे उदाहरण घ्या. कॅनमधील दूध आधी वरखाली करून नीट एकजीव करायचे, कारण साय वर आलेली असली तर खालच्या दुधात स्निग्धांश कमी भरतो आणि विक्रेत्यावर अन्याय होतो. मग त्याला नोटीस द्यायची, नमुन्याचे पैसे रोख मोजून पावती घ्यायची, साक्षीदार उभा करायचा आणि दुधाचे चार सारखे भाग करून चार कोरड्या, स्वच्छ बाटल्यांत भरायचे. दर पंचवीस मिलिलिटरला फॉर्मॅलिनचे दोन थेंब, म्हणजे प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत दूध नासत नाही. बाटलीवर जाड कागद, त्यावर सांकेतिक क्रमांकाची चिठ्ठी, दोरा आणि लाखेची मोहर. विक्रेत्याची सही अशी घेतात की ती अर्धी चिठ्ठीवर आणि अर्धी कागदावर पडते; कोणी मधे वेष्टन बदलले तर सही जुळत नाही. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन वरिष्ठ अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतात, आणि विक्रेत्याने मागणी केली तर चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावाच लागतो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करता येते. हा चौथा भाग आणि अपिलाचा हक्क मी प्रत्येक दुकानदाराला स्वतःहून सांगते. काही सहकारी मला त्यावरून हसतात, हसोत.

पण बाटल्या भरणे हा माझ्या कामाचा फक्त एक भाग आहे, आणि माझ्या लेखी तो सर्वांत महत्त्वाचाही नाही. एलआयटीत, म्हणजे दानशूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभ्या राहिलेल्या त्या संस्थेत, मी अन्न तंत्रज्ञान शिकले तेव्हा माझ्याही डोक्यात भेसळच होती. पुढे वर्धा रोडवरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत प्रकल्पासाठी जाऊ लागले, तेव्हा पाणी, सांडपाणी, माश्या, हात आणि तापमान यांच्याकडे पाहण्याची सवय लागली. ती संस्था १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठीच स्थापन झालेली, नीरी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले. तिथे मला कळले की लोक भेसळीला घाबरतात आणि आजारी पडतात ते बहुधा शुद्ध, अस्सल, घरगुती म्हणून नावाजलेल्या अन्नानेच.

मागच्या उन्हाळ्यात शहरातील एका वसतिगृहातील मुले जेवणानंतर एकामागून एक ओकू लागली. सगळ्यांचा संशय पनीरवर. स्वयंपाकघरात शिरताच व्यवस्थापकाने माझ्यापुढे पनीरचे पाकीटच धरले. मी आधी मुलांना वेळ विचारला. जेवल्यापासून दोन-तीन तासांत उलट्या, ताप नाही, जुलाब फार नाहीत. इतक्या लवकर लक्षणे दिसली तर जंतू पोटात जाऊन वाढायला वेळच मिळालेला नसतो. विष अन्नातच आधी तयार झालेले असते. मग मी रात्रीच्या भाताबद्दल विचारले. आदल्या रात्रीचा भात मोठ्या ॲल्युमिनियमच्या गंजात झाकून ओट्यावर ठेवला होता आणि सकाळी त्याचाच फोडणीचा भात केला होता. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते उकळीतही टिकतात, भात कोमट राहिला की फुटतात, वाढतात आणि जे विष सोडतात ते फोडणीच्या आचेने नष्ट होत नाही. साठ अंश आणि पाच अंश यांच्या मधल्या पट्ट्यात शिजलेले अन्न रेंगाळू द्यायचे नाही, हा आमचा मूळ नियम. आणि उन्हाळ्यातले नागपूरचे स्वयंपाकघर रात्रभर त्या पट्ट्यातच असते. मोठ्या गंजाच्या मध्यभागी तर पहाटेपर्यंत ऊब राहते. स्वयंपाकी प्रामाणिक, तांदूळ चांगला, पाणी ठीक. गंजातील भात उथळ परातींत पसरून गार करून फ्रिजमध्ये ठेवला असता तर मुले शाळेत गेली असती. त्या स्वयंपाकीण मावशींवर खटला भरून काय साधले असते? माझ्या अहवालावरून त्या वसतिगृहाला सुधारणेची नोटीस गेली आणि मी मावशींना थर्मामीटर वापरायला शिकवले. पुन्हा गेले तेव्हा तो पदराच्या टोकाला बांधलेला होता.

भेसळ नसतेच असे मला म्हणायचे नाही. दिवाळीच्या आधी बाहेरगावाहून ट्रॅव्हल्सच्या टपावर गोणपाटात खवा येतो, त्यावर आयोडीनचा थेंब टाकला की काही वेळा तो निळाभोर होतो, म्हणजे आत पिष्ट मिसळलेले. आंबे पिकवण्यासाठी कार्बाइडच्या पुड्या सापडतात, खरे तर इथिलीन वायूने पिकवण्याची रीतसर परवानगी आहे. आणि आपल्या पूर्व विदर्भाचा जुना विषय म्हणजे लाखोळीची डाळ. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली, तरी धानाच्या बांध्यांत ती पेरली जात राहिली आणि घराघरांत शिजत राहिली. बाबा, तुमच्याही दुकानात तिचे पोते मागच्या खोलीत असायचे, हे मला आठवते. तिच्यात ओडॅप नावाचे द्रव्य असते आणि महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात. दुष्काळात गरिबांवर हीच वेळ आली. अधूनमधून वाटीभर वरण खाणाऱ्याला तसे होत नाही, म्हणून ‘आम्ही जन्मभर खाल्ली’ हे तुमचे म्हणणेही खोटे नाही. आता रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी ओडॅपचे वाण आले आहेत. माझा राग आहे तो तूरडाळीत आणि बेसनात ती गुपचूप मिसळणाऱ्यावर, कारण खाणाऱ्याला आपण काय आणि किती खातो हेच कळत नाही. लाखोळी पिकवणाऱ्या लाखनीच्या शेतकऱ्यावर मुळीच नाही.

आमच्या कामाच्या उण्या बाजूही तुमच्यापासून लपवत नाही. माणसे थोडी, बाजार अफाट. २०१२ च्या गुटखाबंदीपासून आमचा बराच वेळ गोदामे आणि टेम्पो तपासण्यात जातो, आणि तो वेळ स्वयंपाकघरांच्या वाट्याचा असतो. लहान माणूस लवकर सापडतो, कारण तो रस्त्यावर उभा असतो. समोशाच्या कढईत मीटरची दांडी बुडवली की तेल पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या ध्रुवीय घटकांचे प्रमाण काही क्षणांत दिसते आणि पंचवीस टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल फेकायला लावता येते. २०१८ पासून तो नियम आहे. पण त्या कढईवाल्याला एकदा वापरलेले तेल स्वस्तात पुरवणारा त्या रस्त्यावर नसतो. त्याच्यापर्यंत पोहोचायला बिलांचा माग काढावा लागतो आणि बिल कोणाकडेच नसते. बाबा, तुमचीही अडचण नेमकी हीच होती. म्हणून दुकानदारांच्या बैठकीत मी भेसळीवर भाषण देत नाही; प्रत्येक पोत्याचे पक्के बिल घ्या, त्यावर विकणाऱ्याचा चौदा अंकी परवाना क्रमांक आहे का पाहा, आणि ते सांभाळून ठेवा, एवढेच सांगते. ज्याच्याकडे बिल आहे त्याच्या मागच्या माणसाला मी धरू शकते. मस्कासाथच्या काही जुन्या व्यापाऱ्यांनी सुरुवातीला नाके मुरडली, आता तेच विचारतात की बिलावर आणखी काय हवे.

बुटीबोरीची जागा पगाराने चांगली होती, त्यात वाद नाही. पण तिथे सगळे आधीच लिहून ठेवलेले असते. कोणत्या टप्प्यावर किती तापमान, कोणी नोंद करायची, नोंद चुकली तर काय करायचे. तिथे माझ्यासारख्या चार जणी मिळतील. कॉटन मार्केटजवळच्या मेसमध्ये, मंगल कार्यालयाच्या मागच्या शेडमध्ये, मठ्ठ्यात घालायला कारखान्यातला अखाद्य बर्फ आणणाऱ्या केटररजवळ तसे कोणी लिहून ठेवलेले नसते. अखाद्य बर्फाला निळा रंग द्यायचा असतो, म्हणून निळा नसलेला बर्फ खाण्याचाच, असे त्याला खरोखर वाटते, आणि ते तपासून सांगणारे माणूस त्याला भेटत नाही. मला तिथे काम करायचे आहे. शिवाय, हे जरा स्वार्थाचे आहे, कारखान्यातून मला दर पंधरा दिवसांनी पवनीला येता आले नसते.

आई, आता तुझ्याशी. एकादशी सहा दिवसांवर आली आहे आणि दादाच्या दुकानात भगर भरपूर खपेल. पावसाळी हवेत भगर ओल धरते, तिच्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिचे विष शिजवूनही पुरते जात नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाण्याला भगरीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसे आजारी पडली आणि जागा नसल्यामुळे दोऱ्या बांधून उघड्यावर सलाइन लावावे लागले, ते तू बातम्यांत पाहिलेच होते. दादाला सांग की उन्हाळ्यापासून उघडे असलेले पोते विकू नकोस, ते पुरवठादाराला परत कर. पाकिटावर उत्पादनाची तारीख असलेलीच भगर ठेव आणि दळलेले भगरीचे पीठ तर अजिबात ठेवू नकोस. गिऱ्हाईक कुरकुरले तर माझे नाव सांगू दे. तूही उपासाची भगर लागेल तेवढीच शिजव आणि उरलेली दुसऱ्या दिवशी गरम करून खाऊ नकोस.

मी दशमीला संध्याकाळच्या बसने निघेन. बाबांनी बिलांची जुनी फाइल काढून ठेवावी; दादाचा परवाना नूतनीकरणाला आला आहे आणि तो अर्ज आपण तिघे मिळून भरू.

तुमची लेक