ओटीपी सांगितला नाही, तरी पैसे गेले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ ही सूचना बँकांनी इतकी वर्षे बिंबवली आहे की ती शाळकरी मुलांनाही पाठ झाली आहे. सूचना चुकीची नाही. पण सोसायटीच्या, शाळेच्या, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या जी फसवणूक फिरते आहे, तिच्यात ओटीपी कोणी विचारतच नाही. फोनच तो परस्पर पाठवून देतो. ‘मी कोणाशी बोललोसुद्धा नाही’ असे अगदी खरे सांगणाऱ्या माणसाचे खाते रिकामे होते आणि वर घरचेच त्याला ‘तूच काहीतरी दाबले असशील’ म्हणून धारेवर धरतात. दाबलेले असते, पण काय दाबले आणि त्याने नेमके काय झाले हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगण्यासाठी हे पत्र.

एक फाइल येते. नाव असते ‘आरटीओ चलन’, ‘लग्नपत्रिका’, ‘पीएम किसान यादी’ किंवा एखाद्या बँकेचे नाव आणि पुढे ‘केवायसी’. पाठवणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. म्हणून ‘अनोळखी नंबरवरून आलेले उघडू नका’ हा सल्ला इथे पुरत नाही. पाहायचे ते फाइलच्या चौकटीत नावाखाली असणारे छोटे, फिकट अक्षर. तिथे फाइल किती एमबीची आहे ते असते आणि शेजारी प्रकार लिहिलेला असतो. पत्रिका खरी असेल तर तिथे पीडीएफ दिसेल, नाहीतर ती साधा फोटो म्हणून आलेली असेल. तिथे ‘एपीके’ ही तीन इंग्रजी अक्षरे असतील तर ती पत्रिका नाही, चलन नाही, यादीही नाही. ते फोनमध्ये बसवायचे ॲप आहे. नावातच ‘पीडीएफ’ घालून पुढे टिंब देऊन ‘एपीके’ जोडलेलेही असते. शेवटच्या टिंबानंतर जे आहे तेच खरे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी लोक विनाकारण घाबरतात. अशी फाइल ग्रुपवर नुसती आल्याने, अगदी आपोआप डाउनलोड झाल्यानेही फोन हॅक होत नाही. ती बसवावी लागते, आणि अँड्रॉइड ती सहजासहजी बसू देत नाही. फाइलवर बोट ठेवले की फोन सांगतो की या ठिकाणाहून अनोळखी ॲप घेण्याची परवानगी नाही. ती परवानगी आपण सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः चालू करतो. मग प्ले प्रोटेक्ट, म्हणजे ॲप तपासणारी गूगलची सुरक्षा सोय, आडवे येते. भारतात गूगलने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या जादा संरक्षणात, ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेले ॲप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटीची (पडदा वाचण्याची आणि आपल्या वतीने बटणे दाबण्याची) परवानगी मागणारे असेल तर ते बसवणेच अडवले जाते. ही पायरी ओलांडता यावी म्हणून चोर फाइलसोबतच ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा’ असा मेसेज किंवा छोटा व्हिडिओ पाठवतात. असा सल्ला देणारा कोणीही असो, तो फसवतोच आहे. याला अपवाद नाही.

या दोन्ही भिंती पार झाल्या की ॲप उघडते आणि पडद्यावर फक्त ‘अपडेट’ असे बटण दिसते. ते दाबले की पहिले ॲप पोटातले दुसरे ॲप बाहेर काढून बसवते. खरा चोर हा दुसरा. त्याला होम स्क्रीनवर चिन्हच नसते. म्हणून लोक दिसणारे पहिले ॲप काढून टाकतात, ‘गेली एकदाची पीडा’ म्हणतात आणि दोन दिवसांनी पैसे जातात. दुसरे ॲप एसएमएस पाहण्याची आणि पाठवण्याची परवानगी मागते. लग्नपत्रिकेला तुमचे एसएमएस कशाला हवेत, एवढा एक प्रश्न त्या क्षणी मनात आला तरी माणूस वाचतो.

परवानगी मिळाली की येणारा प्रत्येक एसएमएस चोराकडे जातो. एसएमएस पाठवण्याची परवानगी त्याहून घातक आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना तुमच्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जातो. नंबर तुमचाच आहे हे बँक त्यावरून ओळखते. तो एसएमएस चोर तुमच्याच फोनमधून पाठवतो आणि तुमचे खाते त्याच्या फोनवरच्या यूपीआयला जोडले जाते. राहिला पिन. त्यासाठी पडद्यावर ‘एक रुपया भरून पडताळणी करा’ असे पान येते. त्यात डेबिट कार्डचा क्रमांक, मुदत, एटीएम पिन, यूपीआय पिन असे सगळे मागितलेले असते. रुपया जातो न जातो, पण यूपीआयचा नवा पिन तयार करायला जे जे लागते ते चोराच्या हाती पडते. व्हॉट्सॲपचा नोंदणी कोडही एसएमएसनेच येतो, म्हणून तुमचे व्हॉट्सॲप त्याच्याकडे जाते आणि तीच फाइल तुमच्या नावाने पुढच्या ग्रुपवर पडते.

बंदोबस्ताला पाच-दहा मिनिटे पुरतात. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये मेनूची मांडणी वेगळी असते, त्यामुळे वाट पाठ करण्यापेक्षा सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीचा उपयोग करावा. अनोळखी ॲप बसवण्याच्या परवानगीचे (इंग्रजी मेनूत ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’) पान शोधावे आणि यादीतल्या व्हॉट्सॲप, क्रोम, टेलिग्राम, फाइल मॅनेजर या सगळ्यांसमोर परवानगी बंद आहे ना ते पाहावे. एकदा चालू केलेली परवानगी ठरावीक फाइलपुरती नसते, ती तशीच चालू राहते. पूर्वी कधीतरी मुलांनी गेम घेण्यासाठी चालू केलेली असते आणि आजोबांच्या फोनवर एक भिंत आधीच पडलेली असते. नंतर परवानग्यांच्या यादीत एसएमएस उघडावे. तिथे मेसेजचे ॲप, फोनचे ॲप, बँक आणि यूपीआयची ॲप यांच्याखेरीज जे दिसेल त्याची परवानगी काढावी. नोटिफिकेशन वाचण्याची आणि ॲक्सेसिबिलिटीची यादीही पाहावी. बहुतेकांच्या फोनमध्ये तिथे फारसे काही असायला नको. शेवटी व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये खाते या भागात टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावावा. मग नुसत्या एसएमएसच्या कोडवर तुमचे व्हॉट्सॲप दुसरीकडे सुरू होणार नाही.

चलनाची शंका आलीच तर मेसेजमधली लिंक न उघडता परिवहन खात्याचे ई-चलन संकेतस्थळ स्वतः टाइप करावे आणि वाहन क्रमांक व चासीचे शेवटचे आकडे घालून पाहावे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ओळखताना सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरप्या रेषा सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेषेच्या लगेच आधी काय आहे ते पाहावे. तिथे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ हवे. ‘परिवहन’, ‘गव्ह’ हे शब्द आधी कुठेही घुसवता येतात, त्यांना काही किंमत नाही. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी निघालेल्या नकली संकेतस्थळांनाही हीच कसोटी लागू पडत होती. बँकांसाठी तर रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ हा वेगळा पत्ता ठरवून दिला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जायला सांगितले.

आता, ॲप बसलेच असेल तर. इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी एअरप्लेन मोड लावावा आणि वाय-फाय बंद झाले आहे ना ते वेगळे तपासावे, कारण एअरप्लेन मोडमध्येही वाय-फाय चालू राहू शकते. जाळे तुटले की फोनमधून काही बाहेर जात नाही. मग सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घालावे, म्हणजे पुढचे ओटीपी चोराकडे न जाता तुमच्याकडे येतील. त्या फोनवरून डेबिट कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला सांगून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग तिन्ही बंद करून घ्यावे. बँकेचा क्रमांक गूगलवर शोधू नये. तिथे नकली ग्राहकसेवा क्रमांक पेरलेले असतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकाला फोन करावा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे ओळख क्रमांक (यूपीआयसाठी तो १२ आकडी असतो) हाताशी ठेवावा. १९३० वरची नोंद बँकांकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते रोखून धरता येतात. चोर मात्र काही मिनिटांत ते दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात फिरवतात आणि एटीएममधून काढतात. ‘संध्याकाळी मुलगा आला की बघू’ म्हणून घालवलेल्या तासांत पैसे हाताबाहेर जातात. फोनवर तक्रार दिली तरी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर ती पूर्ण करावी आणि पोचक्रमांक जपावा.

घाबरून फोन लगेच फॉरमॅट करू नये. फाइल कोणत्या नंबरवरून आली, केव्हा आली, तिचे नाव काय, ॲपच्या यादीत ती कोणत्या नावाने बसली, याचे दुसऱ्या फोनने फोटो काढावेत. तक्रार नोंदली गेल्यावर मग फॅक्टरी रीसेट. फोटो आणि संपर्क परत आणावेत, डाउनलोडचे आणि व्हॉट्सॲपच्या कागदपत्रांचे फोल्डर आणू नये. मेमरी कार्डात ती फाइल तशीच बसलेली असते. पासवर्डांपैकी ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून सर्वांत आधी बदलावा, कारण बाकीचे पासवर्ड त्या ईमेलवरूनच बदलता येतात. सिम परत घालण्याआधी ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणे, रद्द करावे.

बँकेत गेल्यावर ‘तुमचीच चूक’ हे वाक्य ऐकायला मिळते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घातलेल्या नियमानुसार दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर काहीच बोजा येत नाही. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर नुकसान त्याचे, पण तेही त्याने बँकेला कळवेपर्यंतचेच. कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची. म्हणूनच शाखेत तोंडी सांगून येऊ नये. लेखी अर्ज द्यावा, प्रतीवर तारीख आणि वेळेसह पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. ‘पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारे याच काळात फोन करतात. ती दुसरी फसवणूक.

मुदत ठेवीबद्दल एक. नेट बँकिंगमधून ठेव मोडता येत असेल तर चोरालाही ती मोडता येते. काही बँकांत ही ऑनलाइन सोय बंद ठेवता येते. ज्येष्ठांच्या ठेवींसाठी शाखेत जरूर विचारावे.

ग्रुपच्या ॲडमिनकडेही थोडी जबाबदारी आहे. दुसऱ्याने टाकलेला मेसेज ॲडमिन सर्वांसाठी पुसू शकतो. अशी फाइल दिसताच ती पुसावी, त्या सदस्याला तात्पुरते बाहेर काढावे आणि त्याला साधा फोन करून कळवावे. व्हॉट्सॲपवर कळवून उपयोग नाही, तिकडे आता चोर बसला आहे. ‘ही फाइल उघडू नका’ असे सांगताना तीच फाइल पुढे पाठवणारेही असतात. सावध करायचे असेल तर तिचा फोटो टाकावा.

आपल्या दैनिकाला आणि बँकांना विनंती आहे. ‘ओटीपी सांगू नका’च्या शेजारी ‘नावाखाली एपीके दिसले तर हात लावू नका’ ही ओळ यावी, आणि सोबत त्या फिकट अक्षरांच्या चौकटीचे ठळक चित्र छापावे. ते कापून फोनच्या कव्हरमध्ये ठेवता येईल एवढ्याच आकाराचे असावे. मराठी मेनू वापरणाऱ्यांसाठी सेटिंग्जची नावे मराठी फोनवर दिसतात तशीच द्यावीत, कारण इंग्रजी नावांच्या सूचना घेऊन फोनमध्ये शोधणारी माणसे अर्ध्या वाटेत सोडून देतात.

आपले,
सायबर सुरक्षा प्रशिक्षणाचे काम करणारे काही वाचक, सातारा