काकूंचे समारंभाचे कपडे विकताना

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.

काकूंनी समारंभाचे कपडे विकायचं मनावर घेतलं, हे फार छान झालं. गाऊन, लांब जॅकेटं, मखमलीचा घेरदार ड्रेस, सगळं जेमतेम एक-दोनदा अंगाला लागलेलं. मोठ्या मापाच्या बायकांना असं काही तयार मिळणं मुश्किल, त्यामुळे गिऱ्हाईक नक्की येईल. मात्र माप नीट दिलेलं नसलं, तर विकलेला कपडा परतही येईल.

लेबलवर थ्री-एक्सएल आहे म्हणून तेवढंच लिहून थांबू नका. एका कंपनीचा थ्री-एक्सएल दुसऱ्या कंपनीच्या एक्सएलच्या जवळपास निघतो. कपडा चेन-हूक लावून फरशीवर सपाट पसरा. सुरकुत्या हातानं सारा, पण ताणू नका. काखेच्या शिवणीखाली 2 सेंटिमीटरवर आडवं मोजून दुप्पट केलं की छातीघेर मिळतो. छातीच्या खालचा घेर आणि कंबर तशीच मोजा. सीटचा, म्हणजे कुल्ल्यांचा, घेर कंबरेखाली साधारण 20 ते 23 सेंटिमीटरवर घ्या. लांबी गळ्याजवळच्या खांद्यापासून धरा, पण पुढची आणि मागची वेगवेगळी द्या, कारण भरलेल्या छातीवर पुढचा भाग वर उचलला जातो.

दंडघेर मात्र कधीही गाळू नका. बाही जिथे काखेला जोडलीय तिथून 2-3 सेंटिमीटर खाली, बाहीला काटकोनात टेप धरा आणि आकडा दुप्पट करा. छातीत छान बसलेला कपडा दंडात अडकतो, ही मोठ्या मापातली नेहमीची तक्रार. पुष्कळदा लहान मापाचाच नमुना ठरावीक अंतरानं वाढवत नेलेला असतो आणि सगळ्यांचे दंड काही त्या हिशेबानं नसतात. बिनबाह्यांचा कपडा असेल तर मुंढ्याची, म्हणजे खांद्यापासून काखेपर्यंतची, खोली द्या. ताणणारं कापड असेल तर दोन आकडे द्या, सैल सोडून एक आणि सहज ताणून एक. इंच आणि सेंटिमीटर दोन्ही लिहा. शेवटी स्पष्ट लिहा की ही मापं कपड्याची आहेत, अंगाची नाहीत. न ताणणाऱ्या कापडात अंगापेक्षा 5 ते 10 सेंटिमीटर जास्त लागतात. अंगावर नीट बसणारा स्वतःचा एखादा कपडा याच जागी मोजून ताडून बघा, असं घेणारीला सुचवा. त्यानं निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

मग कपडा उलटा करून शिवणीतली माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, बघा. दोन्ही बाजूंना, पुढच्या-मागच्या तुकड्याला प्रत्येकी 1.5 सेंटिमीटर सोडता येत असेल तर घेर 6 सेंटिमीटरनं वाढतो. हे जाहिरातीत जरूर लिहा. साटीन आणि मखमलीवर उसवल्यावर जुन्या सुईची भोकं दिसतात, तेही लिहा. विकायच्या आधी काहीही आत घेऊ नका, माया कापू नका. मोठं मापच तर मिळत नसतं!

दोष कुठे असतात ते ठरलेलं आहे. टिकल्या-मणी काखेखाली आणि कुल्ल्यांच्या बाजूला गळतात, कारण हात तिथे घासतो. पँटचं कापड मांड्यांच्या आत विरतं. चेन कंबरेशी ताण खाते. साटीनची शिवण दोन्ही बाजूंनी हलकेच ओढा. धागे सरकून फट दिसली तर तो कपडा चांगल्या स्थितीतला म्हणून विकायचा नाही. काखेतला अस्तराचा भाग खिडकीच्या उजेडात धरा. घामाच्या डागावर इस्त्री फिरवू नका, उष्णतेनं डाग पक्का बसतो. सरबत सांडलेली जागा आधी दिसत नाही, काही महिन्यांनी तपकिरी होते. रेशमाला आणि लोकरीला क्लोरीनचं ब्लीच लावू नका, धागाच खाल्ला जातो. लेबलवर वर्तुळात पी किंवा एफ असेल तर ड्रायक्लीन चालतं. वर्तुळावर फुली असेल तर चालत नाही. लेबलच नसेल तर ‘रेशमी’ लिहू नका, ‘रेशमासारखं चमकदार कापड’ लिहा.

फोटो दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता काढा. टिकल्यांवर फ्लॅश चकाकतो आणि रंग समजत नाही. बारक्या पुतळ्यावर कपडा मागून टाचण्या लावून आवळू नका. पुतळ्याला टॉवेल गुंडाळून काकूंच्या घेराचा करा. फोन जवळ नेलात की कडा फाकतात, म्हणून दोन-तीन मीटर मागे जाऊन झूम करा. पुढून, मागून, आतून, लेबल, चेन, आणि प्रत्येक दोष पट्टी शेजारी ठेवून. वर्णनात ‘पोट लपवणारा’ वगैरे काही नको. घेणारीला कपडा हवाय, सल्ला नकोय.

सगळे कपडे एकाच अंगाचे आहेत, हा तुमचा मोठा फायदा. एक बसला की तिला दुसराही बसण्याची शक्यता खूप. म्हणून प्रत्येक जाहिरातीत ‘याच मापाचे आणखी आहेत’ लिहा. पण मापं दर वेळी नव्यानं घ्या, वर्षांगणिक अंग बदललेलं असतं. किंमत ठरवताना लोक काय मागतात ते न बघता काय भावानं विकलं गेलं ते बघा.

मण्यांचे गाऊन हँगरला लटकवू नका, पट्ट्या ताणतात. उलटे करून, घड्यांत मऊ कागद घालून बांधा. कुरिअरवाले बहुतेक आकारमानाचं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून भागिले 5000. 50 × 40 × 20 चा खोका 8 किलोचा ठरतो, आत अडीच किलोचाच गाऊन असला तरी. 40 × 30 × 12 मध्ये बसवलात तर 3 किलोच्या आत येतो. फक्त मखमल दाबून भरू नका, लव मोडते. समारंभाची तारीख विचारून घ्या. दोन-तीन आठवडे हातात असले तर तिला शिंप्याकडे जाता येईल.

पैसे घेण्यासाठी पिन किंवा ओटीपी द्यायचा नसतो. मागितला की बोलणं बंद करा. आणि काकूंना एकदा पुन्हा विचारा, कुठला कपडा ठेवायचाय का. जाहिरात गेल्यावर नाही म्हणणं त्यांनाच जड जाईल.

मापांचा पहिला कागद झाला की फोटो काढून पाठवा, मी नजर घालते. काकूंना नमस्कार.

तुमची
धाकटी नणंद