तेरा क्लबांची यादी आणि तिच्यातल्या गाळलेल्या जागा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मधल्या फळीतल्या एखाद्या परदेशी फुटबॉलपटूची ओळख करून देताना मराठी क्रीडापानांवर एक ठरलेली चौकट येते. क्लबांची नावे ओळीने, खाली सामने आणि गोल, आणि मथळ्यात ‘बारा गावचं पाणी प्यायलेला’ असे काहीतरी. वाचकाचा समज होतो की हा गडी कुठे टिकत नाही, किंवा पैसा दिसेल तिकडे जातो. ही चौकट किती कमी सांगते, हे पुण्यात खेळून गेलेल्या, मालीच्या मोहम्मद सिसोकोच्या कारकिर्दीवरून नीट दिसते. २०१६ च्या इंडियन सुपर लीगमध्ये तो बालेवाडीच्या मैदानावर एफसी पुणे सिटीकडून उतरत होता.

सिसोकोच्या नावावर तेरा क्लब आहेत. वॅलेन्सिया, लिव्हरपूल, युव्हेंटस, पॅरिस सेंट-जर्मेन (तिथून उसनवारीवर, म्हणजे मूळ करार कायम ठेवून तात्पुरता, फिओरेंटिना), मग लेवांते, शांघाय शेन्हुआ, पुणे सिटी, इटलीतला तेर्नाना, इंडोनेशियातला मित्रा कुकार, मेक्सिकोतला अ‍ॅटलेटिको सॅन लुईस, हाँगकाँगचा किची आणि शेवटी फ्रान्समधला सोशो. पण उसनवारीचा फिओरेंटिना वगळता, २००३ ते २०१३ या दहा वर्षांत तो फक्त चार क्लबांचा होता. उरलेले आठ क्लब त्यानंतरच्या सहाएक वर्षांतले. म्हणजे या एका यादीत दोन वेगळ्या कारकिर्दी आहेत आणि दोन्हींतल्या बदल्यांची कारणे निराळी आहेत.

पहिल्या दशकातल्या बदल्या प्रशिक्षकांच्या नावाने वाचाव्या लागतात. फ्रान्समधल्या ऑसेर क्लबाच्या अकादमीतून आलेल्या सिसोकोला वॅलेन्सियात राफाएल बेनितेझ यांनी मधल्या फळीत चेंडू हिसकावण्याचे काम दिले. मधल्या फळीत अल्बेल्दा आणि बाराहा ही जोडी पक्की असतानाही २००३-०४ च्या ला लीगा आणि यूएफा कप विजेत्या संघात त्याने जागा कमावली. बेनितेझ लिव्हरपूलला गेले आणि २००५ मध्ये त्यांनी त्याला तिकडे बोलावून घेतले. मधल्या काळात वॅलेन्सियाची सूत्रे क्लॉदिओ रानिएरी यांच्याकडे होती. जानेवारी २००८ मध्ये युव्हेंटसने सिसोकोला घेतले तेव्हा तिथे प्रशिक्षक कोण होते? तेच रानिएरी. दोन्ही मोठ्या बदल्यांमागे त्याचा खेळ जवळून पाहिलेला माणूस होता. याला भटकणे म्हणता येत नाही.

तो कुठून का निघाला, हे त्याच्या जागी कोण आले यावरून कळते. चेंडू हिसकावणारा मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू) हा संघरचनेच्या एकाच खणात बसतो. मध्यभागी दोघे खेळवायचे असतील तर एक हिसकावणारा आणि एक पास देणारा, म्हणजे लिव्हरपूलमध्ये सिसोको आणि झाबी अलोन्सो. २००७ च्या सुरुवातीला तिथे हाविएर मास्केरानो आला. हिसकावण्यात तोही तेवढाच तरबेज, शिवाय पास अधिक सुबक. त्याच उन्हाळ्यात लुकास लेव्हाही आला आणि सिसोकोसाठी बाकावरची जागा उरली. युव्हेंटसने २००९ मध्ये फेलिपे मेलो घेतला, २०११ मध्ये प्रशिक्षक म्हणून अँटोनियो काँते आले आणि त्यांच्याबरोबर पिर्लो आणि विदाल हे मिडफिल्डर. त्याच उन्हाळ्यात सिसोको पॅरिसला गेला. पॅरिसमध्ये २०१२ च्या जानेवारीत थियागो मोटा आला आणि उन्हाळ्यात वेराट्टी. पुढच्या जानेवारीत सिसोको उसनवारीवर फिओरेंटिनात. असे तीन क्लबांत घडले. आघाडीचा खेळाडू गोल दाखवून जागा मागू शकतो. या जागेवरच्या माणसाकडे दाखवायला आकडाच नसतो. लिव्हरपूलसाठी ८७ सामन्यांत सिसोकोचा गोल एक, सुंडरलँडविरुद्ध. गोलांच्या रकान्यावरून त्याचे मोल ठरवणे म्हणजे यष्टिरक्षकाचे मोल त्याच्या विकेटींवरून ठरवणे.

दुखापतींचा रकाना तर आपल्या चौकटीत नसतोच. २००६ च्या फेब्रुवारीत लिस्बनमध्ये बेनफिकाविरुद्ध प्रतिस्पर्ध्याचा बूट डोळ्याला लागला आणि त्या डोळ्याची दृष्टी जाण्याची भीती होती. परतला तो संरक्षक गॉगल लावून, आणि मे महिन्यात वेस्ट हॅमविरुद्धच्या एफए कप अंतिम सामन्यात पहिल्या अकरांत होता. २००९ च्या मार्चमध्ये, युव्हेंटसमध्ये तो भरात असताना, पायाचे हाड मोडले. त्याच्या जागेवर अशी दुखापत जास्त महाग पडते. झेपावून चेंडू काढायचा, लगेच उठून वळायचे आणि पुन्हा धावायचे, हे एका सामन्यात पुन्हा पुन्हा. यात घोटा, गुडघा आणि जांघ झिजते. पास देणारा पस्तिशीपर्यंत डोक्याने खेळून जातो. चेंडू हिसकावणारा अर्ध्या पावलाने उशिरा पोचू लागला की पिवळी कार्डे वाढतात आणि प्रशिक्षक दुसरा शोधू लागतो.

दुसरी कारकीर्द इथून सुरू होते, आणि पुण्याचा संबंध तिच्याशी आहे. २०१६ ची सुपर लीग १ ऑक्टोबरला सुरू होऊन १८ डिसेंबरला संपली. साखळीत प्रत्येक संघाला १४ सामने. पुण्याचा ‘मार्की’, म्हणजे संघाचा मुख्य नामांकित, खेळाडू म्हणून आइसलँडचा आयडर गुडयॉन्सन ठरला होता. तो हंगामाआधीच जायबंदी झाला आणि ती जागा सिसोकोकडे आली. बालेवाडीतली सलामीची लढत मुंबई सिटीने १-० अशी जिंकली आणि पुणे शेवटी पहिल्या चारांत आले नाही. लीगच अडीच महिन्यांची, तर करार किती मोठा असणार? डिसेंबरात लीग संपली, जानेवारीत युरोपातील नोंदणीची खिडकी (नवे खेळाडू घेण्याचा ठरावीक काळ) उघडली आणि सिसोको तेर्नानात दाखल झाला. यात ‘पुणे सोडले’ असे काही नव्हते, कामच संपले होते. चीनचा हंगाम मार्च ते नोव्हेंबर, युरोपाचा ऑगस्ट ते मे, आपला तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. या तीन वेळापत्रकांमध्ये उड्या मारणाऱ्याला पाच-सहा आठवड्यांची सलग पूर्वतयारी क्वचित मिळते. पहिले तीन-चार सामने तो धापा टाकत असतो, आणि चौदा सामन्यांच्या लीगमध्ये तेवढे सामने म्हणजे पाव हंगाम.

आपल्या खेळाडूंच्या याद्याही याच काळात फुगल्या. २०१४ नंतरची तीनएक वर्षे सुपर लीग आणि देशातली दुसरी मोठी स्पर्धा आय-लीग एकामागून एक होत असल्याने एकच खेळाडू वर्षात दोन क्लबांकडून दिसे. गोव्याच्या लेनी रॉड्रिग्जच्या यादीत चर्चिल ब्रदर्स, पुणे सिटी, मोहन बागान, बेंगळुरू आणि एफसी गोवा ही नावे आहेत. त्याचा अर्थ लावताना हे वेळापत्रक लक्षात घ्यावेच लागते. २०१७-१८ पासून दोन्ही लीग एकाच वेळी होऊ लागल्या आणि हा प्रकार थांबला.

तेव्हा आपल्या चौकटीत चार गोष्टी घाला: क्लबातले महिने, बदलीचा प्रकार (शुल्क देऊन, मोफत की उसनवारी), तेव्हाचा प्रशिक्षक आणि मोठी दुखापत. जागा फार लागत नाही. गोलांचा रकाना काढला तरी चालेल.

बदलीचा प्रकार लिहा असे म्हणण्यामागे पैशाचाही हिशेब आहे. करार चालू असताना खेळाडू शुल्क घेऊन परदेशी क्लबला विकला गेला, तर फिफाच्या नियमाने त्या शुल्काचे ५ टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ या हंगामांत घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. शुल्क १ कोटी युरो असेल तर वाटायची रक्कम ५ लाख. त्यातून १२ ते १५ या चार हंगामांसाठी प्रत्येकी ५ टक्के, म्हणजे २५ हजार युरो. १६ ते २३ या आठ हंगामांसाठी प्रत्येकी १० टक्के, म्हणजे ५० हजार. वॅलेन्सिया ते लिव्हरपूल, तिथून युव्हेंटस आणि पुढे पॅरिस या तिन्ही बदल्या शुल्काच्या होत्या. करार संपल्यावर मोफत झालेल्या बदलीत या नियमाने वाटायला काहीच नसते.

परदेशी क्लबाने शुल्क देऊन नेलेला भारतीय आज दुर्मीळ आहे, हे मान्य. पण कोल्हापूरच्या पेठांतले, पुण्या-मुंबईतले किंवा मडगावचे क्लब पोरांची नोंदच ठेवणार नसतील, तर उद्या या रकमेवर हक्क सांगता येणार नाही. घोटाळा नेहमी तीन ठिकाणी होतो: मुलगा स्पर्धेत खेळतो, पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत त्याचे नाव क्लबाने घातलेले नसते, जन्मतारीख आधार कार्डावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी असते, किंवा क्लब बदलताना जुनी नोंद बंद केलेली नसते. पुण्यात तर आणखी एक गुंता आहे. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडली आणि लीगमधली तिची जागा हैदराबादकडे गेली. तिच्या वयोगट संघांतून खेळलेल्या मुलांनी त्या हंगामांच्या नोंदणीची प्रत राज्य संघटनेकडून आत्ताच मागून घ्यावी. हंगामाची सुरुवातीची आणि अखेरची तारीख त्यावर छापलेली आहे ना, तेवढे तपासावे.

आपले,
पुण्यातील काही फुटबॉल प्रशिक्षक