आईची गोळी कमी केली म्हणून

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडलीस आणि माझाही आवाज चढला. "आधीच तिच्या अंगात त्राण नाही आणि तुम्ही थायरॉइडची गोळी कमी करताय?" हे तुझं बोलणं डोक्यातून जात नाही. आई शेजारीच बसली होती, तिच्यादेखत सगळं सांगता येईना. म्हणून लिहितोय. पडण्याबिडण्याचा विषय मात्र काढणार नाही, तू उगाच घाबरतेस.

तिचा टीएसएच 0.08 आला. टीएसएच म्हणजे थायरॉइडला 'हार्मोन बनव' असं सांगणारा मेंदूकडचा निरोप, म्हणून हा आकडा उलटा वाचायचा असतो. टीएसएच इतका खाली, म्हणजे रक्तात हार्मोन जास्त. तू पाठवलेल्या केसांच्या गोळ्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व आहे, त्यानेही ही तपासणी फसू शकते. म्हणून डॉक्टरांनी त्या थांबवून पुन्हा रक्त घेतलं, तरी आकडा तोच. 100 मायक्रोग्रॅमची गोळी ती तुझ्या बारावीच्या वर्षापासून घेते आहे. तेव्हाची आई आठव. शिलाई मशीन एकटीने उचलून वर न्यायची आणि आपण दोघं मागून नुसतं "सांभाळ, सांभाळ" करत जायचो. जिना चढताना एकदाही कठड्याला हात लावला नाही तिने. आता वजन उतरलंय, स्नायू आटलेत, आणि वय वाढलं की शरीरातून थायरॉक्सिनचा, म्हणजे गोळीतल्या हार्मोनचा, निचराही हळू होतो. बाई निम्मी झाली आणि गोळी तेवढीच राहिली.

जास्तीचं हार्मोन स्नायू झिजवतं, हाडं ठिसूळ करतं, हृदयाचे ठोके बिघडवतं. थकवा त्यानेही येतो आणि हार्मोन कमी पडलं तरी येतो, त्यामुळे तुझा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. पण नुसत्या थकव्यावरून डोस वाढवला असता तर? हाडं म्हटलं की मला माईआत्याचा जिना दिसतो. असो.

डॉक्टरांनी तिला 4 मीटर चालायला लावलं. 5 सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंदावली असं धरतात. आईला 7 लागले. शेवटच्या पावलाला तिचा हात भिंतीकडे गेला. टेकवला नाही, नुसता गेला. मग मूठ आवळायचं यंत्र दिलं. ओठ दाबून तिने जोर लावला, तरी काटा जेमतेम हलला. वजन उतरणं, थकवा, मुठीतली ताकद, चालीचा वेग आणि एकूण हालचाल, या 5 गोष्टी बघतात. त्यातल्या 3 बिघडल्या की माणूस 'फ्रेल', म्हणजे अंगाने खचलेला, झाला म्हणतात. आईच्या तर 4 बिघडल्या आहेत. रात्री ती पाणी प्यायला उठली की मला जाग येते, आणि ती परत आडवी होईपर्यंत डोळा लागत नाही.

आता 75 ची गोळी सुरू आहे. थायरॉक्सिनचा अंगातला साठा निम्म्यावर यायलाच आठवडा लागतो, म्हणून पुढची तपासणी 6 ते 8 आठवड्यांनी. तोवर रोज "फरक पडला का?" असं तिला विचारू नकोस. आणि पुढच्या रिपोर्टात टीएसएच 5 दिसला, शेजारी लाल खूण असली, तरी घाबरू नकोस. सत्तरीपुढच्यांना 4 ते 6 चालतो, असं अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या 2014 च्या सूचनांत आहे. तूही एकदा रक्त तपासून घे, हे दुखणं घराण्यात उतरतं. आणि गोळी लागलीच तर उपाशीपोटी घ्यायची, कॅल्शियमची त्यानंतर 4 तासांनी, शिवाय दरवर्षी तपासणी...

बघ, पुन्हा शिकवणी सुरू झाली. राग मानू नकोस. तू विचारून ठेवलेले प्रश्न मी डॉक्टरांना वाचून दाखवले, तेव्हा "मुलगी काय करते?" असं त्यांनी विचारलं. सांगताना ऊर भरून आला.

एक काम कर. खुर्चीतून हात न टेकता उठायचा व्यायाम तिला दिला आहे. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. रोज व्हिडिओ कॉल करून तिच्याकडून करून घे. वेळ तुझ्या सोयीने ठरव, फक्त मला आधी कळव, म्हणजे खुर्ची भिंतीला लावून ठेवीन आणि पायाखालचं पायपुसणं काढीन.

तुझा,
बाबा