पारवा आणि दोन रायफली

नाशिक, रविवार

प्रिय बंड्या,

दिवाळीत फोन करतो म्हणालो आणि संक्रांत आली. चुकलो. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर ताब्यात. आता मुद्द्याचं बोलतो, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही.

चिमीला रायफल घ्यायची आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेला ब्राँझ मिळालं, त्या दिवसापासून पोरीच्या डोक्यात दुसरं काही नाही. क्लबमध्ये आठवड्यातून दोनदाच हात बसतो, म्हणून घरी सरावाला एक हवी. मॅचची रायफल लाखांच्या घरात जाते, माझा हात पोचतो पंधरा हजारांपर्यंत. शालिमारच्या दुकानात दोन बाजूला काढून ठेवायला सांगितल्यात. दोन्ही ४.५ मिमीच्या छर्ऱ्याच्या आणि छर्ऱ्याचा जोर २० ज्यूलच्या आतला, त्यामुळे लायसनची भानगड नाही.

एक साधी स्प्रिंगची. हलकी आहे, छर्रा भरायला नळी बिजागरीवर खाली मोडावी लागते, ती चिमीनं एका दमात मोडली. पण छर्रा सुटताना स्प्रिंग अशी थरथरते की रायफल घट्ट आवळली तर नेम हलतो, अलगद तळहातावर ठेवावी लागते. दुसरी गॅस पिस्टनची, म्हणजे स्प्रिंगच्या जागी दाबलेला गॅस. थरथर कमी, ताणून ठेवली तरी स्प्रिंगसारखी थकत नाही. पण नळी मोडायला पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा जोर लागतो. तिसऱ्या वेळी चिमीनं दस्ता पोटाला टेकवला. चाळीस छर्रे मारायचे म्हणजे चाळीस वेळा मोडायची, चौदा वर्षांच्या पोरीचे खांदे ते! शिवाय गॅस गळाला तर अख्खा पिस्टन बदला. स्प्रिंग थकली तर नवी घातली की भागतं.

दुकानदार दुसरीच घ्या म्हणतोय. "पॉवर बघा साहेब!" अरे, १० मीटरवर कागद फोडायचाय. मॅचच्या रायफलीचा छर्रासुद्धा सेकंदाला १७०-१७५ मीटरच जातो. दहा गुणांचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तिथं ताकद काय कामाची? क्लबच्या सरांना विचारलं, तेही म्हणाले हलकी घ्या. (तुझा सल्ला नेमापुरता घेणार नाही हं, यात्रेत फुगे सोडून फुगेवाल्याचा पडदा फोडलेला माणूस तू.)

मग तीन रात्री झोप का नाही? तर दुकानदारानं नळी बंद केली, खट्ट, आणि मला सोमेश्वरचा पारवा दिसला. अप्पांची छऱ्याची बंदूक, ओल्या दगडावर फडफडणारा तो जीव, आणि तुझ्या पाठीवर अप्पांचा पट्टा. पाळी कुणाची होती यावर आपण तीस वर्षं भांडलो. बंड्या, पाळी तुझी होती. बंदूक मी ओढून घेतली होती. तू अप्पांना सांगितलं नाहीस, आणि मी ते तुलासुद्धा कधी कबूल केलं नाही.

आता हलकी घेतोय ती चिमीच्या खांद्यांसाठी की त्या पारव्यासाठी, मलाच उमगेना. अप्पांची तरी कुठं ताकदीची होती? आमच्या गच्चीच्या कठड्यावर रोज संध्याकाळी पारवे बसतात. छर्रे अडवायला लाकडी खोक्यात चिंध्या ठासून मागं जाड पत्रा लावणार आहे, खोकं जिन्याच्या भिंतीला, कठड्याकडे तोंडच नको. छर्रे माझ्या कपाटात. चिमी गुणी आहे रे, नेम धरताना श्वास कसा सोडायचा ते मलाच शिकवते. पण आपणही काही वाईट पोरं नव्हतो.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? ओंकारला दहावीत फार पिळू नकोस. द्राक्षं निघाली की पेटी पाठवतो.

शनिवारी पैसे द्यायचेत. चिमीला रायफल हातात देण्याआधी पारव्याचं सगळं सांगावं म्हणतो, पट्ट्यासकट. त्यात तुझं नाव येणार. सांगू का? शुक्रवारच्या आत फोन कर.

तुझाच,
नान्या