मंद्या, काकांच्या त्या अर्ध्या गोळीबद्दल

प्रिय मंद्या,

फोनवर हे धड बोलता आलं नसतं म्हणून लिहितोय. काल संध्याकाळी गिरगावात तुमच्याकडे जाऊन आलो, पाऊस धो धो, चर्नी रोडपासून चालत. काकू म्हणाल्या पायाची जखम आता बरी आहे, पण काकांनी पट्टी सोडली आणि माझ्या पोटात गोळाच आला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जागा, कडा पांढरट, वर पिवळसर चकचकीत थर, गॉज उचललं तर तो तार सुटल्यासारखा ताणला जात होता. शुगरवाल्याचा पाय आहे रे, आणि सहा आठवडे होऊन गेलेत.

मग औषधं बघितली. डॉक्टरांनी 625 ची गोळी (अमॉक्सिसिलिन असलेलं अँटिबायोटिक) दिवसातून दोनदा, सात दिवस दिलेली. काकांनी तीन दिवस घेतली, पोट बिघडलं, मग दिवसाला एकच, आणि नंतर सुरीने कापून अर्धी, तीसुद्धा जखम ठणकली तरच. बिस्किटाच्या डब्यात चार तुकडे उरलेत, दमट हवेने कापलेल्या बाजूला पिवळे पडलेले. म्हणाले, थोडं थोडं औषध अंगात असलं की जखम आटोक्यात राहते. मी काही बोललो नाही, आयुष्यभर प्रत्येक गोष्ट पुरवून वापरलेला माणूस तो. पण रात्री झोप लागली नाही, कारण मी लॅबमध्ये रोज नेमकं हेच बघतोय.

आमच्याकडे 96 खड्ड्यांची प्लास्टिकची प्लेट असते, प्रत्येक खड्ड्यात स्टॅफायलोकॉकस ऑरियस, जखमांमध्ये सापडतो तोच, आणि औषध एकापुढे एक निम्मं निम्मं करत जायचं. रात्रभर 37 डिग्रीला ठेवायची, सकाळी पाण्याने धुवायची म्हणजे सुटे जंतू वाहून जातात, आणि तळाला चिकटलेल्यांना क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायचं (लहानपणी गुडघा फुटला की लावायचे ना ते जांभळं औषध, त्यात हेच असायचं). जितका गडद रंग, तितके चिकटलेले जंतू जास्त. जिथे औषध भरपूर तिथे खड्डा स्वच्छ. जिथे औषध अजिबात नाही तिथे फिकट जांभळा. आणि सगळ्यात गडद कुठला माहितीये, जंतू मारायला जेवढं लागतं त्याच्या जरासंच खाली औषध आहे तो! पहिल्यांदा मला वाटलं माझंच धुताना काहीतरी चुकलं, म्हणून तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच.

हे माझं एकट्याचं नाही. 2012 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याच जंतूवर अमॉक्सिसिलिनच्या घराण्यातली चार औषधं अशीच कमी मात्रेत वापरून बघितली, जंतूच्या काही उपप्रकारांमध्ये बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, दहापटीपर्यंत वाढला. होतं असं की हे औषध जंतूची भिंत बांधू देत नाही, आणि जंतूकडे स्वतःचीच भिंत कापणारं एक एन्झाइम असतं, त्यामुळे औषध थोडंच असलं की सगळे मरत नाहीत, काही फुटतात. फुटलेल्यांचा डीएनए बाहेर सांडतो, तो लांबलचक आणि चिकट, आणि जिवंत राहिलेले त्यातच घट्ट बसतात. म्हणजे मेलेल्यांचाच गारा होतो रे, उरलेल्यांच्या घरासाठी. त्याआधी 2005 मध्ये टोब्रामायसिन नावाच्या वेगळ्याच औषधाने स्युडोमोनास या दुसऱ्या जंतूमध्येही थर वाढलेला दिसला होता, पण तिथे कारण निराळं, औषधाची चाहूल लागली की तो जंतू आतले सिग्नल बदलतो आणि चिकटून बसायच्या मागे लागतो. सगळेच जंतू, सगळीच औषधं असं करत नाहीत, आणि प्लेट म्हणजे पाय नव्हे, हे मलाही कळतं.

पण तो थर एकदा बसला ना, की आतले जंतू सुट्या जंतूंपेक्षा दहा ते हजार पट औषध सोसू शकतात. म्हणूनच काकांच्या जखमेतल्या जंतूंचा रिपोर्ट 'सेन्सिटिव्ह', म्हणजे औषध लागू पडतं असा, आला तरी जखम भरत नाही याचं मला नवल वाटत नाही, ती टेस्ट सुट्या, मोकळ्या जंतूंवर करतात. त्यात शुगरमुळे पायाचं रक्त कमी, म्हणजे अख्खी गोळी घेतली तरी तिथपर्यंत कमीच पोचणार, मग अर्धीचं काय!

आपल्या चाळीतलं पिंप आठवतं? आतून बुळबुळीत व्हायचं, नुसतं पाणी ओतून काही व्हायचं नाही, तू आत वाकून काथ्याने घासायचास आणि मी पाणी मारायचो. जखमेचंही तसंच आहे, तो थर सर्जनने खरवडून काढायला हवा, आणि मग औषध कुठलं, किती दिवस, हे त्यांनीच ठरवायचं. मी काकांना उरलेले तुकडे संपवा असं सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस, पोट बिघडत होतं हे डॉक्टरांना कळलं तर ते दुसरं काही देतील. काकांनी ते त्यांना सांगितलंच नाही.

मी गुरुवारी सुट्टी टाकलीये, त्यांना डायबेटिक फूटच्या ओपीडीला घेऊन जातो, रिपोर्ट आणि तो बिस्किटाचा डबा दोन्ही बरोबर घेणार. पण काका माझ्याबरोबर यायला अजून तयार नाहीत, म्हणतात सच्याचा दिवस कशाला मोडायचा. तुझं ऐकतील. आज साडेसातच्या बातम्या संपल्या की फोन कर, काकू उचलतील, त्यांना सांग फोन काकांच्याच हातात द्या.

तुझा,
सच्या