निशिगंध मी सांगितलाच नव्हता

बेंगळूरू, 14 जुलै

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर बोलायला घेतलं की आई, तू "आमचं काय, बरं चाललंय, तू जेवलीस का?" म्हणून विषय आवरतेस. आणि बाबा, तुमच्या हातात फोन आला की दोन मिनिटांत "हं, आईला देतो." म्हणता. म्हणून मी लिहायलाच बसले. कागदावरचं बोलणं मध्येच तोडता येत नाही.

विषय मे महिन्यातल्या बुकेचा आहे. आई, तू आत्ताच बाबांकडे बघितलं असशील.

20 मे, तुमच्या लग्नाला 45 वर्षं. सकाळी ऑफिसला निघता निघता मी एका वेबसाइटवर वाईचा पिनकोड टाकला, 412803, आणि खाली हिरव्या अक्षरांत उमटलं, 'आजच्या आज पोचवू.' मी हरखलेच. इथे अर्ध्या तासात फुलं दारात येतात, त्याचं काही वाटेनासं झालंय. पण आपल्या मधल्या आळीत बुके! फोटोत गुलाबी लिलियम, लाल जरबेरा, पांढरी कार्नेशन, मधून मधून भुरभुरती जिप्सी. 1,499 रुपये आणि त्याच दिवशी पोचवायचे वर 149. भरले. संध्याकाळी सव्वासातला तुझा फोन, "अगं, काय सुंदर आहे! किती टवटवीत! कशाला एवढा खर्च केलास?" दुसऱ्या दिवशी फोटोही आला. तो मी ऑफिसात तिघींना दाखवला.

दाखवताना एकच गोष्ट खटकली होती. जरबेरांच्या मागून निशिगंधाच्या चार काड्या डोकावत होत्या. निशिगंध मी सांगितलाच नव्हता. म्हटलं, दुकानदारानं आपणहून घातला असेल. त्या वेबसाइटवर तळाला बारीक अक्षरांत असतंच, उपलब्धतेनुसार फुलं बदलू शकतात म्हणून.

आता 3 ऑगस्टला बाबांची पंचाहत्तरी आली. या वेळी वेबसाइटच्या आधी घाटावरच्या फुलवाल्या काकांना विचारावं म्हणून शेजारच्या काकूंकडून त्यांचा नंबर घेतला. परवा फोन केला. आळी सांगितली, आडनाव सांगितलं, पुढचा पत्ता सांगायची वेळच आली नाही. "म्हणजे विश्वकोशातल्या सरांची धाकटी!" आणि त्याच दमात म्हणाले, "ताई, मागच्यासारखं करू नका हां. मेलेल्या फुलांत जीव घालताना लई ताप झाला मला."

मी विचारलं, कुठली फुलं?

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, की मला माहीत नाही! 21 तारखेला सकाळी तू कापडी पिशवीतून तो बुके घेऊन घाटावर गेलीस. त्यांच्या पाटीशेजारी ठेवलास आणि म्हणालीस, "याचं काही होईल का हो? पोरीला फोटो पाठवायचाय." दहा जरबेरांपैकी सातांच्या माना मोडून लोंबत होत्या. कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटून त्यांची झोपलेली बोंडं झाली होती. धड होतं ते फक्त लिलियम. काकांनी ती सात काढून टाकली, उरलेल्या तिघांना देठात तार घालून उभं केलं, हारासाठी आणलेल्यातल्या निशिगंधाच्या चार काड्या मागे खोचल्या, पाणी शिंपडलं, नवी रिबन बांधली. पैसे घेत नव्हते, तू वीस रुपये पाटीत टाकून निघालीस.

आई, हे ऐकून मला हसावं की रडावं ते कळेना. ऑफिसच्या जिन्यात उभी होते, दोन्ही केलं.

त्या फोटोतलं कार्डही मी आता मोठं करून पाहिलं. 'लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शूभेच्छा' असं छापलंय, आणि त्या 'शू'वर लाल पेनाची रेघ, बाजूला समासात ऱ्हस्व उकार. बाबा, आयुष्यभर विश्वकोशाची मुद्रितं तपासलीत, नातेवाइकांच्या लग्नपत्रिका सोडल्या नाहीत, तेव्हा हे कार्ड कसं सुटेल? पण एका उकाराची चूक खपवून न घेणारा माणूस आईच्या "किती टवटवीत" वर गप्प बसतो, याला काय म्हणावं?

फुलं मेली कशी, तेही काकांकडूनच कळलं. वाईत हार, वेणी, गजरा, तोरण म्हणाल तेवढं मिळेल, पण बुकेचं गिऱ्हाईक रोजचं नाही, म्हणून जरबेरा, कार्नेशन कुणी भरून ठेवत नाही. वेबसाइटवाल्यांची स्वतःची बाग नाही आणि दुकानही नाही. ते ऑर्डर घेतात, आपला वाटा कापतात आणि उरलेल्या पैशांत जमेल तिथल्या दुकानदाराकडे काम ढकलतात. आपला खोका पुण्याहून आला होता, त्यावरची चिठ्ठी काकांनी वाचली होती. म्हणजे मे महिन्याच्या उन्हात, गाडीच्या मागच्या बंद भागात, कात्रज ओलांडून, खंबाटकीच्या रांगेत उभा राहून, सुरूर फाट्यावरून आत. तोवर देठ पाण्याबाहेरच. जरबेराचा देठ पोकळ असतो, तो एकदा वाळला की डोक्याचा भार त्याला पेलत नाही, मान टाकतोच. 1,648 रुपयांत मी ती फुलं घाटवाटेनं फिरवून आणली, एवढंच.

उरलेली कसर आपल्या घरानं भरून काढली. गार म्हणून तू तो मधल्या खोलीत ठेवलास ना? मधल्या खोलीत मे महिन्यात काय असतं? आंब्याची आढी! पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो. त्यानंच आंबा पिकतो आणि त्यानंच कार्नेशन मिटतं. काका वायूबियू काही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "फळापाशी फूल ठेवलं की फूल म्हातारं होतं."

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. फोन ठेवता ठेवता काका म्हणाले, "सरांना नमस्कार सांगा. चैत्रात पायरीवरून घसरले तेव्हापासून घाटावर दिसले नाहीत. फुलं न्यायला आईच येतात."

चैत्रात. म्हणजे एप्रिल. तेव्हापासून दर रविवारी मी विचारतेय, "बाबा कुठायत?" आणि दर रविवारी उत्तर येतंय, "घाटावर गेलेत, येतीलच." बाबा, तुम्ही तेव्हा बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर पाय वर करून बसलेले असणार, आणि मी इकडे मैत्रिणींना सांगतेय की माझे वडील पंचाहत्तरीतही रोज ढोल्या गणपतीपर्यंत चालत जाऊन फुलं आणतात.

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणणार. पोर लांब आहे, तिथून ती काय करणार, उगीच तिच्या जिवाला घोर. आई, तू आजीलाही असंच फसवायचीस, तुझा ताप कधी 99 च्या वर गेलाच नाही. पण याचा परिणाम काय झालाय माहितीये? परवापासून मी तुमचं प्रत्येक वाक्य फोटोसारखं मोठं करून बघतेय. साखर "नॉर्मल" आहे, ती निशिगंध खोचून नॉर्मल आहे का? मोतीबिंदूचं "डॉक्टर म्हणाले अजून वेळ आहे", तर हे म्हणणारे डॉक्टर मधल्या आळीतच राहतात का? वाईट बातमीनं मी खचत नाही हो. दीड महिना शिळा फोटो लोकांना दाखवत फिरले, त्याची लाज वाटते.

असो. आता मी परस्पर काय काय ठरवलंय ते सांगते, नाही म्हणायला उशीर झालाय.

3 ऑगस्टचा बुके काकाच करतील. गुलटेकडीच्या मार्केटात डच गुलाबाची गड्डी 20 फुलांची आणि जरबेराची 10 ची येते, त्यामुळे एकच बुके करायचा तर उरलेल्या फुलांचं काय, हा त्यांचा प्रश्न. त्यावर त्यांनीच तोड काढली. पिवळ्या गुलाबाची अख्खी गड्डी आपणच घ्यायची आणि त्यात निशिगंधाच्या 15 काड्या. (बाजारात निशिगंधाला गुलछडी म्हणतात, "गुलछडी किती?" असं विचारल्यावर मी क्षणभर गप्पच झाले.) दोन दिवस आधी आठवण करायची, म्हणजे पुण्याहून पहाटे येणाऱ्या टेम्पोला सांगता येतं. तोवर श्रावण लागलेला, फुलं महाग, त्यात पावसानं भिजलेला माल टिकत नाही, म्हणून पक्का भाव ते आदल्या दिवशी सांगतील. अंदाजे साडेसहाशे, पोचवण्यासकट. लिलियम नको म्हटलंय. मे महिन्यात नशीब की मनीनं त्याचं पान चघळलं नाही, मांजरांच्या मूत्रपिंडांना ते विष आहे. खालचा हिरवा स्पंजही नको म्हटलंय, कारण तू तो निर्माल्यात टाकशील आणि तो जन्मात कुजायचा नाही. फुलं नुसती सुतळीनं बांधून येतील. आजीची पितळी कळशी घासून ठेव.

बाबा, "बुके नको, बुक द्या" हे तुमचं पाठ आहे मला. बुकही येतंय, वेगळ्या पार्सलनं. फुलांची देखभाल मात्र तुमच्याकडे, ती बसून करता येते. देठ तिरके कापायचे, दोन बोटं. पाण्यात बुडणारी पानं काढायची. पाणी रोज बदलायचं, कळशी आतून बोटानं चोळून, बुळबुळीत राहिली की देठ तुंबतात. पंख्याखाली ठेवायची नाहीत, आणि नैवेद्याच्या केळ्यांजवळ तर मुळीच नाहीत.

दुसरं, 1 ऑगस्टपासून काकांचा भाचा रोज सकाळी सातला फुलांचा पुडा दारात आणून देईल. दूर्वा, तुळस, झेंडू आणि मिळेल तेव्हा जास्वंद. दिवसाला वीस रुपये, महिन्याचे मी इकडून पाठवते. आई, "घरपोच फुलं मागवायला मी काय महाराणी आहे?" हे तुझं वाक्य मी आधीच काकांना ऐकवलंय, ते खूप हसले. धोम धरणाचं पाणी सोडलं की त्या पायऱ्यांवर शेवाळ कसं धरतं ते तुला मी सांगायला नको. घाटावर जायचंच असेल, आणि गप्पांसाठी तू जाणारच, तर ऊन पडल्यावर जा, हात मोकळे ठेवून. इथे आमच्या कोपऱ्यावर फुलवाली मोगऱ्याची माळ हातानं मोजून देते, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मोळ. ती बुटकी आहे, म्हणून शेजारीण मुद्दाम पलीकडच्या उंच बाईकडे जाते. तुला फार आवडेल हे. पाय बरा झाला की दोघं या.

तिसरं, पायाचं. 14 ऑगस्टच्या रात्रीच्या गाडीनं निघते, सकाळी सुरूर फाट्यावर उतरेन. न्यायला कुणी येऊ नका, रिक्षा मिळते. शनिवारी 16 तारखेला साताऱ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे जायचंय, नंबर लावून झालाय. एप्रिलमध्ये काढलेला एक्स-रे असेल तर शोधून ठेवा. काढलाच नसेल तर तसं सांगा, रागावणार नाही. थोडी रागावेन.

3 तारखेला मी तिथे नसेन याचं वाईट वाटतंय, पण रजा एकदाच मिळतेय आणि ती डॉक्टरांसाठी राखलीय. भाचा दहाच्या आत फुलं घेऊन येईल. त्याला चहा द्या. फोटोही त्यालाच काढायला सांगितलाय आणि परस्पर मलाच पाठवायला. फुलं हातात घेऊन दोघं दारात उभे राहा, बाबा, जसे राहता येईल तसे. काठी लागत असेल तर काठीसकट.

तुमची,
धाकटी